आरव्ही घेऊन नॅशनल फॉरेस्टमध्ये मुक्काम: आईबाबांना घेऊन जमेल का?

शिंपला, 11 एप्रिल

नमस्कार मंडळी,

आईबाबा मे महिन्यात येतायत, अमेरिकेत पहिल्यांदाच. बाबांनी फोनवर विचारलं, "त्या स्वयंपाकघर असलेल्या गाड्या असतात ना तुमच्याकडे, त्यातून फिरायचं का?" आणि मी फुशारकीत हो म्हणून बसले. आता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फीनिक्सहून 25 फुटी क्लास सी मोटरहोम (तीच ती आरव्ही) भाड्याने घेतलंय, सहा रात्रींसाठी. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि आईबाबा. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिण काठ), फ्लॅगस्टाफ आणि जमलं तर सेडोना.

शहाणपणा असा की गाडी आधी बुक केली आणि मुक्कामाच्या जागा नंतर शोधायला घेतल्या. पार्कच्या आतलं सगळं भरलंय. ऑफिसमधला एक जण म्हणाला, "कशाला पैसे घालवतेस, पार्कच्या बाहेर नॅशनल फॉरेस्ट आहे, कुठेही गाडी लाव, फुकट असतं." हे खरं आहे का? असलं तरी वीज नाही, पाणी नाही, मग पाच माणसांचं कसं भागतं? बाबा रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा सोडणारं मशीन) लावून झोपतात, ते मशीन कशावर चालवायचं? आईला अंधाराची आणि जनावरांची भीती. आणि आम्हा दोघांपैकी कोणीही मिनीव्हॅनपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही.

रद्द करून हॉटेल घ्यावं का, असाही विचार मध्यरात्री येतो. प्लीज अनुभव सांगा.

पायवाट, 11 एप्रिल

"कुठेही" हा शब्द सोडला तर तुमचा सहकारी बरोबर आहे.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती. पार्क गृहखात्याकडे (इथलं गृहखातं म्हणजे इंटिरियर, पोलिसांचं नव्हे), फॉरेस्ट शेतीखात्याकडे. पार्कमध्ये ठरलेल्या कँपग्राउंडबाहेर गाडी लावून झोपलात तर रेंजर उठवतो. फॉरेस्टमध्ये दोन प्रकार असतात. एक, बांधलेलं कँपग्राउंड: टेबल, शेकोटीचं कडं, साधा संडास, बहुतेक ठिकाणी पाण्याचा नळ, आणि त्याचं भाडं. दुसरा, डिस्पर्स्ड कँपिंग: फॉरेस्ट रोडच्या कडेला आधीपासून लोकांनी वापरलेल्या मोकळ्या जागेत राहायचं. फुकट, पण सोय शून्य. कोकोनिनो आणि काइबाब या तुमच्या वाटेवरच्या दोन्ही जंगलांत 30 दिवसांत जास्तीत जास्त 14 दिवस.

कुठला रस्ता गाड्यांना खुला आहे आणि कुठे रस्त्यापासून किती आत गाडी नेता येते ते मोटर व्हेइकल यूज मॅपवर असतं. नकाशा फुकट मिळतो. कोकोनिनोत खास आखलेल्या पट्ट्यांत 300 फुटांपर्यंत आत जाता येतं, बाकी ठिकाणी रस्त्याच्या कडेपासून 30 फूट. सेडोनाच्या पश्चिमेला मात्र आता ठरवून दिलेल्या जागांतच राहता येतं, जुने ब्लॉग वाचून जाऊ नका.

चाकावरचं घर, 12 एप्रिल

शिंपला, तुला अगं-तुगं करते, माझी मुलगी तुझ्याएवढी असेल. बाबांना हो म्हणालीस ते छान केलंस. हॉटेल नको. पण आज रात्री झोपायच्या आधी एक काम कर: भाड्याचा करार काढ आणि त्यात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाच.

बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ नये असं असतं. काहींत "देखभाल होणारा खडीचा रस्ता, कँपग्राउंडपर्यंत" एवढी सूट असते. फुकटच्या जागा जवळजवळ सगळ्या कच्च्या रस्त्यावर. म्हणजे सहकाऱ्याचा सल्ला त्याच्या स्वतःच्या गाडीला लागू, तुझ्या भाड्याच्या गाडीला नाही. कंपनीला ईमेल कर आणि उत्तर लेखी घे. फोनवर मुलगा गोड आवाजात "शुअर" म्हणतो, गाडी परत देताना काउंटरवर तो नसतो.

हे मी ज्ञान पाजळत नाहीये, किंमत मोजून शिकले आहे. 2016च्या जुलैमध्ये आम्ही दोघं फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला अशाच एका फॉरेस्ट रोडवर शिरलो. सकाळी रस्ता टणक, धूळ उडतेय. यांनी तर उतरून पाय आपटून बघितलं, "अगं, डांबरी आहे असं समज." दुपारी दीड वाजता पाऊस आला, चाळीस मिनिटं पडला आणि थांबला. ॲरिझोनात मॉन्सून जुलैत येतो, आपल्यासारखा दिवसभर रिपरिपत नाही, दुपारी येऊन धुऊन जातो. त्या चाळीस मिनिटांत रस्त्याचा लोण्याचा गोळा झाला. मागची जोडचाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि सव्वापाच टनांचं घर हळूहळू, अगदी शांतपणे, खड्ड्याकडे सरकलं. मोबाइलला रेंज नाही. दोन मैल चालत हायवेवर आलो. रोडसाइड असिस्टन्सचं कलम वाचलं तर पक्का रस्ता संपला की त्यांची जबाबदारीही संपते. ओढून काढायला 900 डॉलर लागले, आणि ते आमचं स्वतःचं वाहन होतं. भाड्याचं असतं तर खालच्या पत्र्याचे वेगळे.

तेव्हापासून मी जागा "छान आहे का" असं विचारतच नाही. बाहेर पडता येईल का, एवढंच विचारते.

ते ओळखायच्या काही खुणा सांगते. फॉरेस्ट रोडच्या नंबराची पाटी बघायची. नंबर आडवा लिहिलेला असेल तर रस्ता साध्या गाड्यांसाठी राखलेला आहे. अंक एकाखाली एक, उभे लिहिलेले असतील तर उंच गाड्यांचा रस्ता, तिथे मोटरहोमने वळायचंसुद्धा नाही. आडव्या पाटीचा असला तरी पहिला अर्धा मैल एकाने चालत जायचं आणि चार गोष्टी बघायच्या: 25 फुटी गाडी वळवायला जागा आहे का, फांद्या 12 फुटांच्या वर आहेत का, चाकं जातील तिथे माती आहे का खडी, आणि समोरून तेवढीच मोठी गाडी आली तर कोण मागे जाणार. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगशेजारी चिकटव. छतावरचा एसी फांदीने खरवडला की तो आवाज आयुष्यभर लक्षात राहतो.

फोटोंना भुलू नकोस. फ्लॅगस्टाफजवळ लॉकेट मेडो म्हणून जागा आहे, ॲस्पनच्या झाडांची, बघत राहावी अशी. रस्ता मात्र अरुंद, चढाचा, एका बाजूला दरी. तिथे कारने जा, किंवा जाऊ नका.

तुझ्यासाठी माझं मत: डिस्पर्स्ड विसर, फॉरेस्टचंच बांधलेलं कँपग्राउंड घे. साउथ रिमच्या दाराबाहेरचं गाव टुसायन, त्याच्या दक्षिणेला दोनेक मैलांवर टेन-एक्स आहे, काइबाब फॉरेस्टचं. हायवेला लागून, पाँडेरोसा पाइनची सावली, पिण्याचं पाणी आहे, संडास आहे, हुकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) नाही, शॉवर नाही, डंप स्टेशन (गाडीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) नाही. रेक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या साइटवर आजच बघ. फ्लॅगस्टाफकडे सनसेट क्रेटरच्या समोर बोनिटो आहे. काळ्या ज्वालामुखी राखेवर उभं पाइनचं जंगल, तुझ्या लेकीला आवडेल. बुक करताना जागेची लांबी बघायची, आणि लांबी म्हणजे नुसती गाडी नव्हे, मागे बंपर झाडाला न लागता दार उघडून पायरी टाकता आली पाहिजे.

आता पाणी. खरी परीक्षा तिथे आहे.

तुझ्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण 40 गॅलन असेल, म्हणजे दीडशे लिटर. पाच माणसं, तीन दिवस. भाग दे: माणशी दिवसाला दहा लिटर, त्यात अंघोळ, भांडी, दात, संडासाचं फ्लश सगळं. घरी बाबांची अंघोळीची बादलीच वीस लिटरची असते. आणि गंमत अशी की स्वच्छ पाणी संपायच्या आधीच ग्रे टाकी, म्हणजे सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, भरते. ती भरली की पाणी शॉवरच्या तळातून वर येतं, आदल्या रात्रीच्या आमटीच्या वासासकट. ते जमिनीवर सोडून द्यायचं नाही, "नुसतं साबणाचंच तर आहे" म्हणूनही नाही.

तर आईला पहिल्या दिवशीच प्रेमाने सांग: भांडी वाहत्या पाण्याखाली नाहीत. आधी ताट कागदाने पुसायचं, मग एका टबात विसळायचं. तेलकट काही सिंकमध्ये नाही. अंघोळ म्हणजे अंग ओलं करून पाणी बंद, साबण लावून पुन्हा चालू. किंवा सरळ तांब्या. आपल्या लोकांना तांब्याने कमी पाण्यात अंघोळ करता येते, अमेरिकन माणसाला ते शिकवावं लागतं. पिण्याचं पाणी वेगळ्या पाच गॅलनच्या डब्यांत ने, टाकीचं पिऊ नका.

तिसऱ्या दिवशी डंप. ग्रँड कॅन्यनच्या आत मेदर कँपग्राउंडजवळ डंप स्टेशन आहे. आधी ब्लॅक टाकी, म्हणजे संडासाची, तिचा व्हॉल्व्ह बंद, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालायचे. ब्लॅकचा व्हॉल्व्ह मुक्कामात कधी उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पाणी निघून जातं आणि बाकीचं तिथेच राहून सिमेंट होतं. जेवायच्या वेळेला वाचत असशील तर माफ कर.

पार्कला पाणी पुरवणारी पाइपलाइन 1960च्या दशकातली आहे आणि वारंवार फुटते. फुटली की पाण्यावर निर्बंध येतात. म्हणून टाकी पार्कच्या भरवशावर रिकामी नेऊ नकोस, वाटेत भर.

विजेचं उद्या लिहिते, हे हाक मारतायत.

हिशेबनीस, 12 एप्रिल

मी नेहमीप्रमाणे वाईटपणा घेतो. गाडीचं भाडं, त्यावर मैलामागे वेगळे पैसे, जनरेटरचे तासावर वेगळे, चादरी-भांड्यांच्या किटचे वेगळे. फीनिक्स ते साउथ रिम एका बाजूने साधारण 230 मैल, फिरणं धरून 600 होतील. ही गाडी गॅलनला 8 ते 10 मैल देते. म्हणजे 60 ते 75 गॅलन पेट्रोल. "फुकट मुक्काम" या बेरजेत कुठे दिसतोय का बघा. मला दिसला नाही. पाच जणांना हॉटेलच्या दोन खोल्या घेऊनही बहुधा स्वस्त पडेल.

एक विचारायचं राहिलं: गाडीत पाच जणांना सीटबेल्ट आहेत ना? झोपायला सहा जागा म्हणजे बसायला सहा जागा नव्हेत. गाडी चालू असताना आजी पलंगावर आडवी, हे चालत नाही.

शिंपला, 12 एप्रिल

हिशेबनीस, पाच बेल्ट आहेत, आत्ताच फोन करून विचारलं. आणि स्वस्त पडावं म्हणून नाही करत. बाबांना कॅन्यनपेक्षा गाडीचंच जास्त कौतुक आहे, त्यांनी तिचे व्हिडिओ बघून वही केलीये.

चाकावरचं घर, करार वाचला. "पक्क्या रस्त्याखेरीज अन्यत्र नेल्यास सर्व नुकसान भाडेकरूचे." मला घाम फुटला. टेन-एक्सच्या सलग तीन रात्री मिळाल्या! मंगळवार ते शुक्रवार सकाळ. कँपग्राउंडच्या आतल्या रस्त्याचं कंपनीला लेखी विचारलंय.

आता विजेचं सांगा. सीपॅपने माझी झोप उडवलीये.

अस्वलांचा शेजारी, 13 एप्रिल

वायोमिंगहून. जनावरांबद्दल दोन शब्द, कारण आमच्याकडे तो रोजचा विषय आहे.

यलोस्टोनच्या पूर्वेला शोशोनी फॉरेस्टमध्ये काही कँपग्राउंडांत तंबू चालतच नाहीत, फक्त पत्र्याच्या भिंतीचं वाहन. कारण ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल. तुमच्या भागात ग्रिझली नाहीत. काळी अस्वलं ॲरिझोनात आहेत, पण साउथ रिमच्या बाजूला तुम्हाला दिसण्याची शक्यता फारच कमी. शिस्त मात्र तीच: रात्री बाहेरच्या टेबलावर काहीही नाही. अन्न, कचरा, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं, सगळं गाडीत आणि खिडक्या बंद. अस्वल नसेल तर खारी आणि डोमकावळे आहेतच. डोमकावळा पाकिटाची चेन उघडतो, मी पाहिलंय.

आईंना सांगा, खरी भीती रात्री बाहेर बसण्याची नाही, संध्याकाळी गाडी चालवण्याची आहे. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. कॅन्यनच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला ते मधोमध उभं असतं आणि हॉर्नला हलत नाही. अंधार पडायच्या आधी जागेवर पोहोचायचं आणि चाकं हलवायची नाहीत.

चाकावरचं घर, 13 एप्रिल

टेन-एक्स मिळालं, शाब्बास. आता निम्मी काळजी गेली.

वीज. हुकअप नसलं की गाडीच्या मागच्या भागात 12 व्होल्टची बॅटरी असते तेवढीच. त्यावर दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा (गाडी आतून गरम ठेवणाऱ्या हीटरचा) पंखा चालतो. मायक्रोवेव्ह, छतावरचा एसी आणि भिंतीतले साधे प्लग चालत नाहीत, त्याला जनरेटर लागतो. बाबांचं मशीन भिंतीच्या प्लगला लावून ठेवशील आणि रात्री कळेल की प्लग मेलेला आहे. जनरेटर रात्रभर लावता येत नाही, फॉरेस्टच्या कँपग्राउंडात रात्री 10 ते सकाळी 6 शांतता असते.

म्हणून सीपॅपच्या मॉडेलला मिळणारा 12 व्होल्टचा अडॅप्टर आत्ताच मागव, आणि त्यांनी डॉक्टरांना विचारून ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवता येईल का ते बघावं. वीज खातं ते पाणी तापवणंच, हवेचा पंखा फार घेत नाही. सोबत एक वेगळी पॉवर स्टेशन बॅटरी (उचलून नेता येणारी, चार्ज करायची), फक्त त्या मशीनसाठी. गाडीच्या बॅटरीवर विसंबू नकोस, कारण रात्री तिच्यावर दुसरा गिऱ्हाईक असतो: फर्नेस. गॅसवर चालतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्याचा पंखा विजेवर असतो. टुसायनला उंची साडेसहा हजार फुटांच्या वर. जूनमध्ये दुपारी टी-शर्ट आणि पहाटे स्वेटर. फर्नेस पहाटे तीनला सारखा चालू-बंद व्हायला लागला की बॅटरी संपते आणि मशीनही बंद पडतं. ब्लँकेटं जास्त ने, थर्मोस्टॅट कमी ठेव. एक रात्र घरी अंगणात, वीज न लावता, बाबांना त्या बॅटरीवर झोपवून बघ. चेष्टा नाही करत.

जनरेटर सकाळी नाश्त्याला एक तास आणि संध्याकाळी एक तास लाव, बॅटरी भरते. तो गाडीच्याच पेट्रोलवर चालतो, पण टाकी पावापर्यंत आली की आपोआप बंद होतो, तुम्हाला पंपापर्यंत पोहोचता यावं म्हणून. मला हे माहीत नव्हतं, आम्ही अर्धा दिवस फ्यूज तपासत बसलो होतो. धुराचं नळकांडं शेजाऱ्याच्या खिडकीकडे नाही ना ते बघ, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तपास.

फ्रिज कुठला आहे ते विचार. जुन्या पद्धतीचा गॅसवर चालतो, पण गाडी सपाट उभी असावी लागते. वाकडी राहिली की थंड करणं थांबतं आणि कालांतराने बिघडतो. चाकाखाली ठेवायचे प्लॅस्टिकचे लेव्हलिंग ब्लॉक घे. पातळी कळायला फोन ओट्यावर ठेव, त्यात स्पिरिट लेव्हल असतं. नवा 12 व्होल्टचा फ्रिज असेल तर तो बॅटरीचा तिसरा गिऱ्हाईक.

फीनिक्समध्ये गाडी ताब्यात घ्याल तेव्हा 40 अंशांच्या वर असेल. पुढचा एसी मागच्या सीटपर्यंत पोहोचत नाही. जनरेटर लावून छतावरचा एसी चालू ठेवून चालवा, तसं करता येतं, नाहीतर आईबाबा मागे भाजून निघतील. फीनिक्स 1,100 फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ 7,000 वर, म्हणजे आय-17 हायवे बहुतेक चढाचाच. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे राहा, लाज वाटून घेऊ नका. निघण्याआधी, टायर गार असताना, त्यांची हवा तपासा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. फार जुना निघाला तर दुसरी गाडी मागायची, संकोच न करता.

मागे घेताना एक जण बाहेर उभा हवाच. नियम एकच: आरशात तो माणूस दिसेनासा झाला की ब्रेक. आमच्याकडे हे "घे, घे, घे" म्हणत आणि नंतर "थांब म्हटलं होतं". आता आम्ही हातांच्या खुणा ठरवल्यात, संसार टिकून आहे. वळताना मागचा भाग उलट्या बाजूला झुलतो, पेट्रोलपंपावरच्या खांबांना तोच लागतो.

आता आग, आणि याबद्दल मी कडक बोलणार आहे. जून हा तिथला सर्वात कोरडा महिना, पाऊस अजून आलेला नसतो. 2010 साली जूनमध्ये फ्लॅगस्टाफजवळ कोणीतरी शेकोटी न विझवता निघून गेलं, त्यातून शुल्झ फायर लागली आणि सुमारे 15,000 एकर जंगल जळलं. नंतर पाऊस आला तेव्हा त्या उघड्या डोंगरावरून पूर आले. 2021च्या जूनअखेरीस तर कोकोनिनो आणि काइबाब ही दोन्ही जंगलं लोकांसाठी पूर्ण बंद केली होती. म्हणून एखादी रात्र तरी रद्द करता येणाऱ्या हॉटेलची हाताशी ठेव, आणि निघायच्या आदल्या दिवशी रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन कर. शनिवार-रविवारी उचलत नाहीत.

निर्बंधांचे टप्पे असतात. पहिल्यात शेकोटी फक्त बांधलेल्या कँपग्राउंडच्या कड्यात, दुसऱ्यात तिथेही नाही. बंद करायचं बटण असलेली गॅसची शेगडी सहसा चालते. मग आईचं निरांजन? त्याला बटण नाही. बाहेर टेबलावर लावायचं नाही, आणि आत गॅसच्या गाडीत तर मुळीच नाही. बॅटरीचा दिवा ने. देव समजून घेतो, रेंजर घेत नाही. लाकूड घरून नेऊ नकोस, कीड पसरते, तिथलंच विकत घे. विझवताना पाणी ओत, काठीने ढवळ, पुन्हा ओत, आणि हाताच्या मागच्या बाजूने बघ. गरम लागलं तर विझलेली नाही.

स्वयंपाक: कुकर ने. त्या उंचीवर पाणी 93 अंशांनाच उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात शिजत शिजत गॅस संपेल. फोडणी बाहेरच्या शेगडीवर, नाहीतर आतला स्मोक अलार्म मिरच्यांसोबत ओरडायला लागतो आणि आख्खं कँपग्राउंड जागं होतं.

सीनियर पासबद्दल (ज्येष्ठांच्या पार्क पासबद्दल) कोणी सांगेल, अर्ध्या पैशांत कँपिंग म्हणून. तो नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच, टुरिस्ट व्हिसावरच्या आईबाबांना नाही. 2026पासून परदेशी पाहुण्यांच्या पार्क फीचे नियमही बदललेत, पार्कच्या संकेतस्थळावर आधी वाच.

पायवाट, 14 एप्रिल

ताईंनी सगळंच लिहिलं, एक भर घालतो. जागा निवडताना खाली बघण्याआधी वर बघा. मेलेलं, साल गळलेलं झाड गाडीवर झुकलेलं असेल तर दुसरी जागा मागा. वारा नसतानाही फांदी पडते. आणि नकाशे घरूनच डाउनलोड करा, जंगलात "लोडिंग"चं चक्र फिरत राहतं.

शिंपला, 24 जून

परत आलो! कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

अंगणातली चाचणी केली म्हणून वाचलो. बाबांची पॉवर बॅटरी ह्युमिडिफायरसकट पहाटे चारला संपली, बंद ठेवल्यावर दोन रात्री पुरली. टेन-एक्सला त्यांनी ती रोज सकाळी जनरेटरच्या वेळात स्वतः चार्जिंगला लावली आणि वहीत टक्के लिहून ठेवले.

ग्रे टाकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच पाऊण भरली. आईने शपथेवर सांगितलं की ती नाही. मग कळलं की लेक दात घासताना नळ चालू ठेवते. त्या रात्रीपासून बाबा सिंकपाशी तांब्या घेऊन पहारा द्यायला लागले.

शेकोटी नाही, निर्बंध होते. आईचा बॅटरीचा दिवा तीन रात्री टेबलावर होता आणि बाजूच्या जागेवरच्या बाई रोज येऊन तो बघून जायच्या. एल्क दिसलं, रस्त्यावर नाही, संडासाच्या दारात. आई आत होती. वीस मिनिटं.

डंप स्टेशनवर आमच्या मागे चार गाड्या होत्या आणि नवऱ्याने ग्रेचा व्हॉल्व्ह आधी उघडला. मी काही बोलले नाही.

एक चूक: सकाळी निघताना लेव्हलिंग ब्लॉक चाकाखालीच राहिले, फ्लॅगस्टाफला लक्षात आलं. बोनिटोला फ्रिजखातर नवऱ्याने चार वेळा जागा बदलून गाडी सपाट केली. कंपनीने मागच्या डाव्या कोपऱ्यावरच्या ओरखड्याचे 150 डॉलर कापले, पेट्रोलपंपाचा खांब, ताईंनी सांगितलेलाच.

चाकावरचं घर, 24 जून

ब्लॉक सगळ्यांचेच राहतात, आमचे तीन जोड ॲरिझोनाभर पसरलेत. आता पुढच्या वेळेसाठी एक कर, निघताना चाकाखाली बघायचं काम बाबांच्या वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेव.

आणि संडासातल्या वीस मिनिटांचं सविस्तर लिही ना, आईच्या शब्दांत.